पाडलेल्या विमानांची मोजदाद आणि शौर्याची सनद

पेण शहरात गेल्या महिन्यात एक जाहीर व्याख्यान झाले. वक्ते व्यासंगी, वाणी ओघवती आणि विषय युद्धातील हवाई पराक्रमाचा, तेव्हा सभागृह भरून गेले यात नवल नव्हते. परंतु व्याख्यानाच्या उत्तरार्धात, लढाऊ वैमानिकांना मिळणाऱ्या शौर्यपदकांची मीमांसा करताना त्यांनी जो सिद्धान्त श्रोत्यांपुढे ठेवला, तो मुकाट्याने ऐकून घरी परतणे मला त्याच दिवशी जड गेले होते, आणि आता तोच सिद्धान्त आमच्या गावाच्या वेशीपर्यंत येऊन ठेपल्यावर गप्प बसणे मला शक्य राहिलेले नाही. वक्त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, वैमानिकाच्या पराक्रमाचा दाखला एकच, आणि तो म्हणजे त्याने शत्रूची किती विमाने पाडली हा. ज्याच्या नावावर एकही विमान नाही त्याला मिळालेले पदक ही सरकारची मेहरबानी होय. आणि ज्याचे स्वतःचेच विमान शत्रूने पाडले, जो कैद झाला आणि कैदेतून निसटूनही पुन्हा शत्रूच्याच हाती सापडला, अशा अधिकाऱ्याला वीरांच्या पंक्तीत बसवणे हे आपल्या भाबडेपणाचे लक्षण होय. शेवटच्या वाक्यात त्यांनी नाव घेतले नाही, पण रोख कोणाकडे होता हे सभागृहातील प्रत्येकाला कळले. तो ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर पारुळकर यांच्याकडे होता.

आमच्या जोहे गावात वर्षाचे बारा महिने गणपतीच्या मूर्ती घडतात. हमरापूर, कळवे, तांबडशेत आणि जोहे या पट्ट्यात घरटी एखादा तरी माणूस साच्याशी, शाडूशी नाहीतर रंगाशी बांधलेला आहे, आणि देशभरच्या मंडपांची चिंता वाहणाऱ्या या गावाला स्वतःच्या मंडपाचीही हौस कमी नाही. येथील काही तरुणांनी यंदा महाराष्ट्राशी नाते असलेल्या हवाई योद्ध्यांचा एक सचित्र फलक मंडपात लावण्याची तजवीज केली. त्यांनी चार नावे निवडली: हृषीकेश मूळगावकर, रमेश सखाराम बेनेगल, मुंबईत अखेरपर्यंत राहिलेले जगमोहन नाथ, आणि दिलीप पारुळकर. व्याख्यान ऐकून आलेल्या दोघा-तिघा जाणत्यांनी त्या यादीला हरकत घेतली. त्यांच्या मते बेनेगल आणि नाथ यांनी काही पाडले नाही, पारुळकर तर स्वतःच पडले, तेव्हा ही नावे वगळावीत आणि ज्यांच्या नावापुढे आकडा लिहिता येईल अशांचीच नावे घ्यावीत. तरुण गोंधळले. त्यांच्या गोंधळाला उत्तर म्हणून हा लेख आहे, आणि तो वक्त्यांनीही वाचावा अशी माझी इच्छा आहे.

प्रथम पदकांचा कायदाच पाहू, कारण ज्या सनदेवरून वाद चालला आहे तिचा मजकूर न वाचताच निवाडा करणे हा न्यायाचा शिरस्ता नव्हे. परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र ही तिन्ही युद्धकालीन शौर्यपदके २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली आणि त्यांचा अंमल १५ ऑगस्ट १९४७ पासून धरण्यात आला. तिन्हींच्या अटींत एक कसोटी समान आहे: कृत्य शत्रूच्या समक्ष घडलेले असले पाहिजे, मग ते जमिनीवर असो, समुद्रावर असो वा आकाशात. परमवीरचक्राच्या अटीत तर असामान्य शौर्याच्या जोडीला आत्मत्यागाचाही उल्लेख स्पष्टपणे केलेला आहे. वायुसेना पदक १९६० साली आले. त्याची अट कर्तव्यनिष्ठेच्या अथवा धैर्याच्या असाधारण कृत्याची. या अटी मी बारकाईने वाचल्या आहेत, आणि शत्रूची अमुक इतकी विमाने, अमुक इतके रणगाडे किंवा अमुक इतकी माणसे असा हिशेब मला त्यांत कोठेही आढळला नाही. तो हिशेब वक्त्यांनी आपल्या पदरचा घातला. पाच विमाने पाडणाऱ्याला विशेष नावाने गौरवण्याची चाल पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून निघाली आणि वर्तमानपत्रांनी ती जगभर नेली. ती चाल म्हणजे पदकांचा कायदा नव्हे, हा भेद इतक्या व्यासंगी माणसाच्या नजरेतून निसटावा याचे मला वाईट वाटते.

आता आकड्याच्याच पदराला हात घालू, कारण सगळा भरवसा त्याच्यावर ठेवलेला आहे. हवाई लढाई काही सेकंदांत होते. समोरच्या विमानातून धूर निघाला म्हणजे ते कोसळले असे नाही, आणि एकाच विमानावर तिघांनी मारा केला तर तिघेही प्रामाणिकपणे ते आपल्या नावावर लावतात. १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटिश हवाई दलाने एका दिवसात १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर केले. युद्धानंतर जर्मन दफ्तरे तपासली तेव्हा खरा आकडा साठाच्या आसपास निघाला. त्या दिवशी लढलेल्यांपैकी कोणी लबाड होता असे कोणीही म्हणत नाही. आपल्याकडचा दाखला हवा असेल तर ७ सप्टेंबर १९६५ या एकाच दिवसाचा घ्यावा. त्या दिवशी सरगोध्यावर पाकिस्तानच्या मोहम्मद महमूद आलम यांनी एका मिनिटाच्या आत भारताची पाच हंटर विमाने पाडल्याचा दावा झाला, तो त्या देशात अभिमानाने सांगितला जातो, आणि भारतीय दफ्तरांतील नोंदी तो आकडा आजही मान्य करत नाहीत.

त्याच दिवशी, त्याच सरगोध्यावर, आदमपूरहून निघालेल्या मिस्टेअर विमानांच्या तुकडीत स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या होते. ते खरे तर राखीव वैमानिक. पुढच्यांपैकी कोणाला परतावे लागले तर त्याची जागा घेण्यासाठी. ते परतले नाहीत. भारतीय नोंदीत ते बेपत्ता ठरले, आणि त्यांच्या नावापुढे पाडलेल्या विमानांच्या रकान्यात शून्य राहिले. पुढे १९७९ साली एका इंग्रज लेखकाचा पाकिस्तानी हवाई दलावरील ग्रंथ निघाला तेव्हा कोठे कळले की, परतणाऱ्या भारतीय विमानांच्या पाठीवर आलेल्या स्टारफायटरला एका मिस्टेअरने एकट्याने अडवले, ते विमान पाडले, त्याचा वैमानिक अमजद हुसेन छत्रीने उतरला, आणि तो मिस्टेअर मात्र कायमचा गेला. स्टारफायटर हे त्या काळी ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारे विमान आणि मिस्टेअर त्याच्यापुढे जुनाट; देवय्यांना पळून जाता आले असते असेही नाही, पण त्यांनी वळून सामना केला. हे कळल्यावर त्यांच्या तुकडीचे प्रमुख ओ. पी. तनेजा आणि हवाई दलातील इतरांनी पाठपुरावा केला, आणि १९८८ साली, घटनेनंतर २३ वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

वक्ते म्हणतील, हे उदाहरण आमच्याच बाजूचे आहे, कारण विमान पाडल्याचे सिद्ध झाले म्हणूनच पदक मिळाले. मी विचारतो, १९६५ ते १९८८ या काळात देवय्यांच्या शौर्यात कोणती उणीव होती? त्यांनी जे केले ते त्या सप्टेंबरच्या सकाळीच करून झाले होते; बदलले ते दफ्तर, आणि तेही शत्रूच्या दफ्तराने उजेडात आणले म्हणून. जी कसोटी शूर माणसाला २३ वर्षे शून्य ठरवते आणि मग एका परक्या ग्रंथामुळे त्याला वीर ठरवते, ती कसोटी शौर्याची नसून माहितीची आहे. जे विमान पाडतात त्यांचे श्रेय मी तसूभरही कमी करत नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये बोयऱ्याच्या आकाशात मॅसी, गणपती आणि लाझारस यांनी जे केले त्याला वीरचक्र मिळाले ते योग्यच होते. पण त्या तिघांचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी इतर शंभरांना खाली ओढण्याची गरज कोठून निर्माण झाली?

नाथ आणि बेनेगल यांच्याविषयीच्या हरकतीचे उत्तर मला एका मुलाने सोपे करून दिले. फलकासोबत ठेवण्यासाठी आमच्या शेजारच्या कारखान्यात पुठ्ठ्याचे एक कॅनबेरा विमान तयार होत होते. वर माळ्यावर कच्च्या मूर्तींची रांग, खाली जमिनीवर हे विमान, आणि एरवी सोंडेवरची आणि डोळ्यांची आखणी करणारा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा त्याला राखाडी रंग देत होता. त्याने मला विचारले, ‘काका, हिला तोफ कुठं बसवायची?’ मी म्हटले, हिला तोफ नाही, पोटात कॅमेरे आहेत. त्याने कुंचला भांड्यात ठेवला आणि जरा वेळ विमानाकडे पाहत राहिला. ‘म्हणजे तिकडं जायचं, फोटो काढायचे, आणि कोणी मारायला आलं तर नुसतं पळायचं?’ होय, असेच. ‘मग याला तर जास्तच काळीज पायजे.’ जी गोष्ट त्या पोराला रंगकाम करता करता उमगली, ती व्यासपीठावरून सुटावी याचा खेद मला अधिक वाटतो.

जगमोहन नाथ हे हवाई दलात दोनदा महावीरचक्र मिळवणारे पहिले अधिकारी. पहिले १९६२ च्या चीन युद्धाच्या संदर्भात, दुसरे १९६५ चे. १०६ क्रमांकाच्या तुकडीच्या कॅनबेरा विमानातून, हाती शस्त्र नसताना, त्यांनी अक्साई चीन आणि तिबेटवर उड्डाणे केली आणि चिनी सैन्याच्या हालचालींची छायाचित्रे आणली. तीन वर्षांनी पाकिस्तानच्या अंतर्भागात जाऊन तेथील तळांची आणि कालव्यांची छायाचित्रे आणली. पाडलेली विमाने: एकही नाही. २०२३ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. रमेश सखाराम बेनेगल यांचे चरित्र तर कादंबरीला लाजवील असे: ब्रह्मदेशात वाढलेला मुलगा, आझाद हिंद फौजेतर्फे वैमानिकी शिकण्यासाठी टोकियोस पाठवलेल्या छात्रांपैकी एक, आणि पुढे स्वतंत्र भारताच्या हवाई दलात १९७१ च्या युद्धात त्याच १०६ क्रमांकाच्या छायाचित्रण तुकडीचा प्रमुख, महावीरचक्र. पाडलेली विमाने: एकही नाही. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी २४ मे १९४८ रोजी, साडेअकरा हजार फुटांवरील लेहच्या कच्च्या धावपट्टीवर, पूर्वी कोणीही न उतरवलेले डाकोटा विमान उतरवले आणि वेढा पडू घातलेले लडाख वाचवले. त्यांनाही महावीरचक्र मिळाले, आणि त्यांच्या डाकोटात तर शत्रूवर डागायला काहीच नव्हते. काश्मीरच्या त्याच युद्धात महावीरचक्र मिळवणारे मूळगावकर पुढे १९७६ साली हवाई दलाचे प्रमुख झाले. त्या युद्धात आकाशात शत्रूची विमाने जवळजवळ नव्हतीच. आकड्याच्या सिद्धान्ताप्रमाणे पहिल्या काश्मीर युद्धातील आपला एकही वैमानिक पदकास पात्र ठरू नये. या निष्कर्षाला सभागृहात टाळ्या पडल्या असत्या का, हे वक्त्यांनी स्वतःशी ठरवावे.

एवढ्यावर मला थांबता आले असते. परंतु पारुळकरांविषयी जे बोलले गेले ते मनाला लागलेले आहे, आणि त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे.

पारुळकर मार्च १९६३ मध्ये हवाई दलात अधिकारी झाले. दोन-अडीच वर्षांतच १९६५ चे युद्ध आले. एका मोहिमेत त्यांच्या विमानाला शत्रूचा मारा लागला आणि त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. विमान सोडून छत्रीने उतर, असा सल्ला त्यांना त्यांच्या वरिष्ठांनी दिला. वैमानिकाला विमानापेक्षा जीव मोलाचा, हा त्या सल्ल्यामागचा विचार अगदी रास्त होता आणि तो मानला असता तर कोणी बोट ठेवले नसते. या तरुणाने जखमी हाताने ते मोडके विमान तळापर्यंत परत आणले. या कृत्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले. यात शत्रूचे एकही विमान पडले नाही, हे खरे. पण जे विमान पडायचे होते ते पडू दिले नाही, याचा हिशेब वक्त्यांच्या वहीत कोणत्या रकान्यात बसतो?

सहा वर्षांनी, डिसेंबर १९७१ च्या युद्धात, सुखोई विमानातून जमिनीवरील लक्ष्यांवर मारा करताना त्यांचे विमान पडले आणि ते कैद झाले. येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. जमिनीवर मारा करणाऱ्या वैमानिकाला शत्रूच्या तोफांच्या थेट टप्प्यात, अगदी खालून, तेही ठरलेल्या मार्गाने जावे लागते. त्यामुळे युद्धातील हानीचा मोठा वाटा या कामावर जाणाऱ्यांच्या वाट्याला येतो. ज्याला सर्वांत धोक्याचे काम दिले जाते तोच अधिक वेळा पडतो. त्याच्या पडण्यावरून त्याची पायरी ठरवणे म्हणजे वेढ्यात तटावर पुढे असलेल्या गड्याला, तुलाच गोळी कशी लागली, असे विचारण्यासारखे आहे.

रावळपिंडीच्या छावणीत भारतीय हवाई दलाचे बारा कैदी होते. शस्त्रसंधी होऊन महिने लोटले, जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला, तरी कैद्यांच्या परतीची तारीख ठरेना. पारुळकरांनी पळण्याचा निश्चय केला. फ्लाइट लेफ्टनंट मालविंदर सिंग गरेवाल आणि फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी त्यांच्या सोबत आले. कोठडीच्या भिंतीच्या विटा त्यांनी आठवडेच्या आठवडे जेवणाचा काटा, कात्री, पेचकस अशा किरकोळ वस्तूंनी पोखरल्या. दिवसा भोक झाकायचे आणि रात्री पुन्हा पोखरायचे. पहारेकऱ्याचे बूट वाजले की हात थांबवायचे. पाणी नेण्यासाठी वैमानिकाच्या दाबपोशाखातील रबरी पिशव्या वापरल्या, सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र केले. १२ ऑगस्टच्या रात्री वादळपावसाच्या आडोशाने शेवटचा गिलावा फोडून तिघे बाहेर पडले, बसने पेशावर, तेथून टांग्याने आणि पुन्हा बसने खैबरखिंडीतील लंडीकोटलला पोचले. अफगाण सीमा तेथून अवघ्या चार मैलांवर.

आणि येथे त्यांचा घात झाला तो एका नकाशाने. त्यांच्याजवळच्या नकाशात रेल्वेचे शेवटचे स्थानक लंडीखाना असे होते, म्हणून त्यांनी तेथे जाण्याची वाट विचारली. परंतु ते स्थानक १९३२ सालीच बंद झालेले होते. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्थानकाची चौकशी करणारे हे तिघे परके कोण, असा संशय आला. बांगलादेशच्या युद्धानंतर त्या वाटेने बंगाली लोक अफगाणिस्तानात निसटत होते, त्यांतलेच हे असावेत असे वाटून त्यांना तहसीलदारापुढे उभे करण्यात आले. त्या टोळीमुलखात ओळख न पटलेल्या माणसाच्या जिवाची शाश्वती कोणी द्यावी? अशा वेळी पारुळकरांनी आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच लोक आहोत असे सांगून आपल्या छावणीच्या जुन्या प्रमुखाला फोन लावायला लावला, कारण तो अधिकारी निदान त्यांना कैदी म्हणून ओळखेल आणि त्यांचा जीव वाचेल, हे त्यांनी हेरले. पुढे एकांतवास भोगावा लागला, आणि १ डिसेंबर १९७२ रोजी सगळे वाघा सरहद्दीवरून परतले.

वक्ते म्हणाले, प्रयत्न फसला. होय, फसला. शिवाय ते म्हणाले की, सुटका होणारच होती तर हा उपद्व्याप कशाला? ऑगस्टमध्ये तारीख कोणालाच ठाऊक नव्हती, हे त्याचे पहिले उत्तर. दुसरे उत्तर आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार, युद्धकैदी पळताना पुन्हा सापडला तर त्याच्यावर शिस्तभंगाचीच कारवाई करता येते, तीही मर्यादित. गुन्हेगार म्हणून त्याच्यावर खटला चालवता येत नाही, आणि पुन्हा पुन्हा पळाला तरी ही सवलत कायम राहते. सगळ्या राष्ट्रांनी मिळून ही तरतूद का केली असेल? कारण कैदेतून सुटण्याची धडपड ही सैनिकाच्या कर्तव्याचाच भाग आहे हे प्रत्येक राष्ट्राने मान्य केले. ज्या शत्रूच्या भिंती पोखरल्या जातात त्या शत्रूनेही. जो मान शत्रूही नाकारत नाही, तो पेणच्या व्यासपीठावरून नाकारला गेला.

बरे, पारुळकरांच्या छातीवर काय होते? वायुसेना पदक आणि विशिष्ट सेवा पदक. परमवीर नाही, महावीर नाही, वीरचक्रही नाही. त्यांना अवाजवी मोठेपण दिले गेले असे म्हणणाऱ्याने आधी हे पाहावे. मला तर उलटच वाटते: रावळपिंडीची ती भिंत पोखरणाऱ्याला याहून थोर पदक मिळाले असते तरी ते मेहरबानीत जमा झाले नसते.

या मेहरबानीच्या आरोपाविषयीही दोन शब्द लिहितो. शिफारशीच्या वाटेने पदके जातात, त्या वाटेवर उशीर होतो, कधी विसर पडतो, हे देवय्यांच्या उदाहरणावरून दिसतेच. अनेकांच्या वाट्याला काहीच येत नाही. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढले, १९१८ च्या जूनअखेरीस फ्रान्सच्या रणभूमीवर कामी आले, आणि त्यांच्या नावापुढे शौर्यपदक नाही. त्याच उन्हाळ्यात पडलेल्या बंगालच्या इंद्रलाल रॉय यांच्या नावापुढे मात्र दहा विमाने आणि मरणोत्तर पदक आहे. १९७१ मध्ये बेपत्ता झालेले फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांच्यासाठी त्यांच्या पत्नी, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या दमयंती तांबे, दशकानुदशके दारोदार विचारत राहिल्या. व्यवस्थेत त्रुटी असतील तर नोंदी नीट ठेवाव्यात, चौकशी लवकर करावी, जे राहून गेले त्यांची प्रकरणे पुन्हा उघडावीत. ज्यांना पदक मिळाले त्यांच्याकडे बोट दाखवणे हा त्या त्रुटीवरचा उपाय नव्हे.

आपल्या परंपरेचा हवाला वक्त्यांनी दिला होता, म्हणून तोही तपासून पाहू. प्रतापगडच्या युद्धानंतर शिवाजी महाराजांनी काय केले, हे कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत लिहून ठेवले आहे: जे जखमी झाले त्यांना प्रत्येकी पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत बक्षीस दिले, आणि ते जखम पाहून दिले, मेलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना मुले नव्हती त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले. खानाचे किती लोक कोणी कापले याची दरडोई यादी करून बक्षीस वाटल्याचे त्यात नाही. महाराजांच्या दरबारात माप होते ते माणसाने अंगावर काय घेतले याचे.

स्वतंत्र भारताच्या पदकांची आखणी तर मराठी घरातच झाली. जन्माने युरोपीय, पण विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून सावित्रीबाई झालेल्या विदुषीने परमवीरचक्राची रचना केली. त्यावर त्यांनी इंद्राचे वज्र कोरले. आणि ते वज्र ज्या अस्थींचे झाले त्या दधीची ऋषींच्या. त्या कथेत मारणारा इंद्र आहे आणि देणारा दधीची. ज्यांना हे पदक म्हणजे मारण्याचेच प्रमाणपत्र वाटते, त्यांनी ते एकदा हातात घेऊन जवळून पाहावे.

आमच्या मंडळाच्या तरुणांना माझी विनंती अशी आहे. चारही नावे फलकावर ठेवा. एकाही नावापुढे पाडलेल्या विमानांचा आकडा लिहू नका. प्रत्येकापुढे पदक, वर्ष आणि कृत्य लिहा, आणि कृत्य एका वाक्यात, लहान मुलालाही वाचता येईल अशा अक्षरात. पारुळकरांच्या नावापुढे लिहा: १९६५, वायुसेना पदक, जखमी खांद्याने मोडके विमान परत आणले; १९७२, रावळपिंडीच्या कैदेची भिंत फोडून बाहेर पडले. त्यांचे निधन ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यानजीक झाले, तेव्हा आता त्यांच्या वतीने बोलण्याचे काम आपलेच आहे. आणि वक्त्यांना निमंत्रण अवश्य पाठवा. त्यांनी मंडपात यावे, फलक वाचावा, आणि चारांपैकी कोणते नाव पुसायचे ते या गावासमोर सांगावे.